सेंद्रिय वाइनद्राक्षं लावताय? मग फवारणीच्या अवशेषांचं आधी समजून घ्या

सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, ही समजूत आधी सोडा. केवडा आणि भुरी हे द्राक्षांवरचे बुरशीजन्य रोग; केवड्यासाठी बोर्डो मिश्रण (तांबंयुक्त मोरचूद आणि चुना) आणि भुरीसाठी गंधक सेंद्रिय बागेतही लागतंच. चालत नाहीत ती रासायनिक आंतरप्रवाही (झाडाच्या आत शिरणारी) बुरशीनाशकं, आणि त्यातल्या काहींचे अवशेष किण्वनानंतरही वाइनमध्ये राहतात. बोर्डोतल्या तांब्याचं वेगळं. ते बरंचसं यीस्टच्या गाळाबरोबर खाली बसतं, पण जमिनीत मात्र साठत जातं. म्हणून तर युरोपीय संघाने 7 वर्षांत हेक्टरी 28 किलोची मर्यादा घातली आहे. नाशिककडे छाटणीनंतर पाऊस रेंगाळला की फवारणीत हात सैल सुटतो; प्रत्येक फवारणीची नोंद ठेवाच.

काढणीच्या तोंडावर गंधक अजिबात नको. वाइनची द्राक्षं गाळपाआधी सहसा धुत नाहीत. मण्यांवरचं गंधक टाकीत गेलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होऊन सडक्या अंड्यांचा वास येतो.

सल्फाइटचं (वाइन टिकवायला घालतात ते) म्हणाल तर युरोपात कोरड्या (गोड नसलेल्या) सेंद्रिय रेड वाइनला लिटरमागे 100 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, साध्या रेडला 150. माल कुठे जाणार हे वायनरीशी आधीच बोलून घ्या. आणि शेजारचा फवारा वाऱ्यावर येतो, त्यामुळे बांधालगतच्या ओळींचा नमुना तपासणीला वेगळा द्या.