पोस्टिंग सुरू झालं आणि पोरगं गप्प झालं

किर्गिझस्तान, रशिया, जॉर्जिया इकडे डॉक्टरकीला गेलेल्या मुलांचे पालक समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक तक्रार हमखास घेऊन येतात. पहिली दोन-तीन वर्षं बरी गेली, आता हॉस्पिटलचं पोस्टिंग, म्हणजे वॉर्डात पेशंटसमोर शिकणं, लागलं आणि पोरगं फोनवर धड बोलेना.

सोलापूर जिल्ह्यातला एक मुलगा असाच किर्गिझस्तानच्या राजधानीतून, बिश्केकहून ऑनलाइन सत्राला आला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आल्या आल्या त्याने मलाच पटवायला घेतलं, "मॅडम, वॉर्डात नुसतं मागे उभं राहण्यापेक्षा होस्टेलवर एफएमजीईची लेक्चर्स बघितलेली काय वाईट?" मुद्दा वरवर बिनतोड होता. एफएमजीई म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची परीक्षा; भारतात प्रॅक्टिस करायची तर ती त्याला चुकत नाही: 300 प्रश्न, पास व्हायला 150 गुण. पण लेक्चर्स किती झाली म्हटल्यावर तो घुटमळला. मोबाइल चालू असायचा, बघत कुणीच नसायचं.

झोप, जेवण, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार यांची चौकशी मी आधी केली. तिथे गडबड असती तर समुपदेशनावर न थांबता त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं असतं. तसं काही नव्हतं. मग हळूहळू वॉर्डातला प्रसंग बाहेर आला.

सकाळी एक आजी त्याला काहीतरी विचारत होत्या. त्यातला "चाय" एवढाच शब्द कळला. आपल्यालाच चहा विचारताहेत असं वाटून तो हसून "दा, दा" म्हणाला, म्हणजे हो, हो. आजी विचारत होत्या, मी चहा घेऊ का? त्यांची पोटाची सोनोग्राफी उपाशीपोटी व्हायची होती. ती पुढे ढकलली गेली आणि नर्सने त्याला अख्ख्या बॅचसमोर झापलं. त्या दिवसापासून त्याचं वॉर्डात जाणं बंद.

एजंट "सगळं इंग्लिशमध्ये" म्हणून सांगतात. ते वर्गापुरतं खरं असतं. पेशंट इंग्रजी बोलेल असं कुणी कबूल केलेलं नसतं, आणि हे ॲडमिशनच्या वेळी विचारायचं कुणाला सुचत नाही. त्यात बिश्केकमध्ये रशियन आणि किर्गिझ दोन्ही चालतात; गावाकडून आलेली म्हातारी माणसं बऱ्याचदा किर्गिझच बोलतात. म्हणजे रशियन जमलं तरी अर्धंच काम होतं.

पण याचं दुखणं निव्वळ भाषेचं नव्हतं. जमिनीवर कर्ज काढून वडिलांनी, अण्णांनी पाठवलेलं, आणि दर फोनला पहिला प्रश्न, "एफएमजीईची तयारी कुठवर?" वॉर्डात आपण ढ ठरतोय हे त्यांना सांगायची सोय नव्हती. लेक्चर्सचं कारण मात्र घरी चालून जायचं, आणि स्वतःलाही.

त्याला एक गोष्ट मी स्पष्ट सांगितली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2021च्या नियमांनुसार किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम आणि त्यावर 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी विद्यापीठात पूर्ण करावी लागते. वॉर्ड टाळून परत येता येत नाही.

मग आम्ही लहान काम ठरवलं. रोज फक्त एक तास आणि एकच पेशंट. वहीत देवनागरीत मोजकी वाक्यं: "ग्दे बोलीत?" कुठे दुखतं, "काक दाव्नो?" कधीपासून. सगळ्यात वर, ठळक अक्षरात, "या नि पनिमायु", मला कळलं नाही. हे म्हणायचा सराव त्याने माझ्यासमोर मोठ्याने केला. न कळता मान डोलावायची नाही, एवढा एकच नियम. स्टेथोस्कोप लावायला भाषा लागत नाही, हेही तिथेच बोलणं झालं. न्यूमोनियाच्या पेशंटच्या छातीत येणारा करकर आवाज त्याने व्हिडिओत कितीदा ऐकला होता. पाठीला स्टेथो लावून ऐकला तेव्हा त्याने मला आपणहून मेसेज केला.

अण्णांशीही एकदा बोलले. "आज वॉर्डात काय बघितलंस, एवढंच विचारा," म्हटलं. ते म्हणाले, "मला त्यातलं काय कळतंय मॅडम?" म्हटलं, म्हणूनच विचारा, तो समजावून सांगेल. ते सुरू झालं. परीक्षेची विचारणा पूर्ण थांबली असं नाही, पण ती आता फोनच्या शेवटी येते.

किर्गिझ बोलणाऱ्या पेशंटपुढे तो अजून अडतो, बॅचमधल्या स्थानिक मुलीची मदत घेतो. पुढचं पोस्टिंग बालरोग विभागात आहे. तिथे बाळं बोलत नाहीत, आया बोलतात, आणि भराभर बोलतात. उलटी, ताप, दूध पितंय का, अशी नवी यादी त्याने आत्ताच करायला घेतली आहे.