आईच्या रक्तात सात पेशी

प्रश्न : आईला (वय ६१) स्तनाचा कॅन्सर आहे, आता मणक्यात पसरलाय. केमोच्या आधी केलेल्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये ‘७.५ मिलीमध्ये ७ सीटीसी’ असं आलंय. मामा म्हणतो, रक्तात उतरला म्हणजे ब्लड कॅन्सरच. मावशीने आईचं ताट-वाटी वेगळं काढलं. ठरलेली केमो बदलून मागू का?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, ते ताट आधी मांडणीत परत ठेवा. कॅन्सर उष्ट्याने लागत नाही. आणि हा ब्लड कॅन्सरही नव्हे. त्यात रक्तपेशीच बिघडतात. आईच्या रक्तात सापडल्या त्या स्तनाच्या गाठीतून सुटलेल्या, रक्तात फिरणाऱ्या पेशी; रिपोर्टमधलं ‘सीटीसी’ म्हणजे याच. मेलबर्नच्या ॲशवर्थ नावाच्या डॉक्टरने १८६९ मध्येच, कॅन्सरने गेलेल्या माणसाच्या रक्तात अशा पेशी पाहिल्या होत्या.

माझी तीस वर्षं मायक्रोस्कोपपुढे गेली, पण साध्या काचपट्टीवर अशी पेशी सापडणं म्हणजे नशीबच. साडेसात मिली म्हणजे दीड चमचा रक्त. त्यात तांबड्या पेशी तीन हजार कोटींच्या घरात, पांढऱ्या काही कोटी, आणि या सात! म्हणून अँटिबॉडी लावलेले लोखंडाचे बारीक कण रक्तात मिसळतात. ते गाठीच्या पेशींना चिकटले की चुंबकाने ओढून घ्यायचं. मग रंग देऊन एकेक पेशी तपासायची. पांढऱ्या पेशीची खूण दिसली की ती बाद.

आता सातचं. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाचवर रेघ मारलीय. पाच किंवा जास्त आल्या तर आजार सरासरीने लवकर वाढतो, हे तुमच्यापासून लपवणार नाही. पण सरासरी म्हणजे तुमची आई नव्हे. सुटलेल्या बहुतेक पेशी रक्तातच काही तासांत मरतात. केमो सुरू झाल्यावर आकडा पाचाखाली आला, तर ते चांगलं लक्षण.

केमो मात्र या आकड्यावरून बदलून मागू नका. पहिल्या फेरीनंतरही आकडा चढाच राहिलेल्या बायकांची केमो लगेच बदलून पाहिली होती अमेरिकेत. २०१४ मध्ये निकाल आला : आयुष्य वाढलं नाही.

मला काळजी त्या सातांपेक्षा मणक्याची आहे. आईचे पाय लुळे वाटले, मुंग्या आल्या, लघवी अडली किंवा पाठदुखी एकदम वाढली, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच हॉस्पिटल गाठा. मामांना गाडी काढायला सांगा.