ग्रॅपल आलं की पुस्तक उघडू नको

भाऊ, परवा धरमपेठेत तुझा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा, म्हणजे फासे टाकून पात्रं खेळवायचा, गेम बघितला. कुणी 'पकडतो', म्हणजे ग्रॅपल, म्हटलं की तू पुस्तकात डोकं घालतोस आन् तोवर पोह्यांवरची तर्री थंड!

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत एवढंच आहे: एक हात मोकळा हवा, समोरचा फार तर एक आकार मोठा चालतो. मग दोघांनी आपापल्या कौशल्याचा फासा टाकायचा: आपलं ॲथलेटिक्स, त्याचं ॲथलेटिक्स किंवा ॲक्रोबॅटिक्स. जिंकलो तर त्याचा वेग शून्य. पण हल्ला तो पूर्ण जोरात करतो, नवे लोक इथंच फसतात. खरी मजा धरून ढकलून पाडण्यात आहे. वेगच नाही तर उठणार कसा? आन् जवळून मारणाऱ्यांना ॲडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा. आखाड्यातल्या पोराला हे शिकवावं लागत नाही.

२०२४ च्या नियमांत समोरचा सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा फासा, टाकतो. दोन्हींची खिचडी करू नको.

राक्षसाचे नुसते हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, बघू नको. आऊलबेअर या घुबड-अस्वल राक्षसाची ताकद २०, म्हणजे फाशात सरळ +५. आन् कंडिशन इम्युनिटीची, म्हणजे पकडलं जाण्यासारख्या कुठल्या अवस्था त्याला लागूच होत नाहीत ती, ओळ वाचच. मी ती न वाचता फायटरला भूत धरू दिलं होतं, पोरं अजून चिडवतात.