पहिला ओमानी खंजीर घेण्याआधी

घाई करू नका. ओमानमधल्या निझवा शहराच्या बाजारात आधी नुसते वीस-पंचवीस खंजीर हातात घेऊन बघा, दुकानदार रागवत नाहीत. येमेनची जंबिया, म्हणजे तिकडचा वाकडा खंजीर, सध्या राहू द्या, तो वेगळा प्रांत आहे.

पातं विसरा, म्यान बघा. सगळी कारागिरी तिथेच असते. हाताने केलेल्या तारकामात, म्हणजे चांदीच्या तारांच्या नक्षीत, वेटोळी कधीच अगदी सारखी येत नाहीत. एका फुलाची चिरलेली पाकळी शेजारच्या चार फुलांतही तशीच चिरलेली दिसली, तर माल साच्यातला. माझा पहिला खंजीर असाच निघाला, आणि वर मी त्याला 'जुना' समजून दुप्पट पैसे मोजले होते!

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:
- ९२५ चा शिक्का (९२.५ टक्के शुद्ध चांदीची खूण) शोधणं. जुनी चांदी बरेचदा मारिया थेरेसाची नाणी (ऑस्ट्रियाची जुनी चांदीची नाणी) वितळवून घेतलेली, म्हणजे साधारण ८३ टक्केच. शिक्का नसणं हा दोष नव्हे.
- घरी आणून लखलखीत घासणं. खाचांतला काळेपणा राहू द्या, नक्षी त्यानेच उठून दिसते.
- गेंड्याच्या शिंगाच्या मुठीचा मोह. हा व्यापार बेकायदेशीर आहे, विषय संपला. चंदनाची मूठ छान असते.

जुनं ते सगळं चांगलं असंही नाही. आजही काही कारागीर उत्तम काम करतात, फक्त ते स्वस्त नसतं. म्यानाच्या कड्या चार की सात, सईदी हा खंजिराचा प्रकार म्हणजे काय, ते पुढे बघू. घ्यायचा विचार असलेल्या खंजिराचे आधी मला फोटो पाठवा, म्यानाच्या मागच्या बाजूचासुद्धा.