ट्रस्टच्या गाडीला फी-माफी: आदेश हातात आल्याशिवाय पासिंग करू नका

तुमच्या ट्रस्टला एक कंपनी रुग्णवाहिका देतेय आणि डीलर म्हणतोय, "आधी पासिंग (आरटीओकडची नोंदणी) करून घ्या, माफीचं मागाहून बघू." नोंदणी फी आणि कराच्या माफीबद्दलचा तुमचा हा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. आमच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीच्या वेळी असंच वाक्य आम्हाला एका सरकारी कार्यालयाच्या खिडकीवर ऐकवलं होतं.

धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, ट्रस्टचा पॅन, ठराव हे तुमच्याकडे असणारच, त्यात शिरत नाही. फक्त एवढं पक्कं करा की नोंदणी फी वेगळी आणि मोटार वाहन कर वेगळा. फी केंद्रीय मोटार वाहन नियम 81 प्रमाणे, हलक्या वाहनाला खासगी असेल तर 600 आणि परिवहन असेल तर 1000 रुपये. लोकहितासाठी एखाद्या वर्गाला ती माफ करण्याची सोय 1988 च्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम 211 मध्ये आहे. पण खरा बोजा कराचा. तो राज्याचा, महाराष्ट्राच्या 1958 च्या मोटार वाहन कर कायद्याखालचा, आणि त्यातली सूट शासनाच्या अधिसूचनेनेच मिळते. ट्रस्ट नोंदलेला आहे म्हणून काहीही आपोआप माफ होत नाही. 80जी चं प्रमाणपत्र इथे उपयोगाचं नाही, ते देणगीदाराच्या आयकर सवलतीसाठी.

आम्हाला जड गेलं ते त्या कार्यालयाचं तोंडी आश्वासन. "संस्थेची गाडी आहे ना, कर भरून टाका, परतावा मिळतो." कर भरला, नंबर पडला, आणि मग त्याच टेबलावर ऐकलं की भरलेल्या करावर माफीचा विचार होत नाही. लेखी द्या म्हटलं तर लेखी देईनात. अर्ज घेतला, पण त्यावर आवक क्रमांक टाकला नाही, त्यामुळे पुढच्या साहेबांसाठी आमचा अर्ज नव्हताच. दर वेळी विश्वस्तांची यादी नव्याने मागायचे. लोकांच्या देणगीतून आलेला पैसा होता तो, औषधांना गेला असता. याची चीड मला आजही येते.

म्हणून माझं ठाम मत: माफीचा अर्ज पासिंगच्या आधी द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नकार असेल तर तोही लेखी मागा, कारण अपील लेखी नकारावरच करता येतं. तुमच्या प्रकारच्या गाडीला लागू असलेल्या अधिसूचनेची प्रत माहिती अधिकारात मागवा, उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. मी वकील नाही, हे अनुभवाचं बोलतोय. तुमच्या जिल्ह्यात एखादा भला अधिकारी भेटेलही, पण कागद तरीही तयार ठेवा.

आणखी एक, देणगीच्या गाडीत हमखास घोळ होतो तो इथे. बिल आणि फॉर्म 21 (डीलरचं विक्री प्रमाणपत्र) थेट ट्रस्टच्या नावाने काढायला कंपनीला आत्ताच सांगा, विमाही त्याच नावाने. गाडी आधी कंपनीच्या नावावर चढली तर पुढे हस्तांतरणाचा वेगळा खर्च आणि वेगळी फाईल. विश्वस्त बदलले असतील तर चेंज रिपोर्ट (त्या बदलाचा धर्मादाय कार्यालयाला दिलेला अहवाल) मंजूर झालाय का तेही बघा, सहीवरून अर्ज अडतो.

कंपनी अजून मॉडेल ठरवत असेल तर बॅटरीवरच्या गाडीचा विषय काढा. त्या गाड्यांना नोंदणीची फी ऑगस्ट 2021 पासून देशभर माफ आहे, ट्रस्ट असो वा नसो.