पाच देशांचा प्रस्ताव आणि एका देशाचे परिशिष्ट

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाचताना तो मीच कधीतरी लिहिला असावा असे वाटले. चार देशांतील गट घेऊन तुम्ही एका युरोपीय संयुक्त कॉलसाठी (म्हणजे अनेक देशांच्या निधीसंस्थांनी मिळून काढलेल्या प्रस्तावांच्या आवाहनासाठी) पूर्व-प्रस्ताव लिहीत आहात, समन्वयाची जबाबदारी तुमच्याकडे आहे, एका भागीदाराच्या देशातील निधीसंस्था दोन ई-मेलना उत्तर देत नाही, म्हणून तिसरा सविस्तर ई-मेल लिहावा का असे तुम्ही विचारता, आणि ‘विज्ञान भक्कम असले की कागदपत्रांचे नंतर पाहता येते’ असे तुमचे वरिष्ठ म्हणतात. हेच वाक्य मला माझ्या वरिष्ठांनी ऐकवले होते. त्यांचा हेतू चांगला होता, पण त्यांची सगळी कारकीर्द ब्रुसेल्समधून थेट मिळणाऱ्या अनुदानांवर झाली होती आणि तुमचा कॉल त्या जातीचा नाही.

कन्सॉर्शियम (भागीदार गटांचा संघ) कसे जमवावे, वर्क पॅकेजेस (कामाचे भाग) कशी पाडावीत, यात मी शिरत नाही. ते तुम्हाला ठाऊक असणारच. मी फक्त पैशाच्या वाटेबद्दल लिहिते आहे, कारण आमचा प्रस्ताव विज्ञानावर पडला नाही, विज्ञान कोणी वाचण्याआधीच पडला.

होरायझन युरोपच्या नेहमीच्या कॉलमध्ये (युरोपीय संघाचा २०२१ ते २०२७ या काळासाठी सुमारे ९,५५० कोटी युरोंचा संशोधन-निधी कार्यक्रम) किमान तीन वेगवेगळ्या देशांतील तीन स्वतंत्र संस्था एकत्र येतात, करार युरोपीय आयोगाशी होतो, आगाऊ रक्कम समन्वयकाकडे येते आणि तो ती वाटतो. अप्रत्यक्ष खर्चाचा २५ टक्के दरही सगळ्यांना सारखाच असतो. संयुक्त कॉलमध्ये यातले काहीच गृहीत धरू नका. तिथल्या व्यवस्थेला ‘व्हर्च्युअल कॉमन पॉट’ म्हणतात आणि त्यातला ‘कॉमन’ हा शब्द फसवा आहे. भिशीसारखे सगळ्यांनी पैसे एकत्र टाकले आणि गरजेप्रमाणे उचलले, असे तिथे होत नाही. एका टेबलाभोवती बसून प्रत्येकाने आपापला डबा खावा, तसे ते असते. प्रत्येक देशाची निधीसंस्था आपल्याच देशातील गटाला, आपल्याच नियमांनी, आपल्याच करारावर पैसे देते. युरोपीय संघ वरून काही भर घालतो (एरा-नेट कोफंड या संयुक्त कॉलच्या जुन्या योजनेत ती ३३ टक्क्यांपर्यंत होती), परंतु प्रवेशाचे दार राष्ट्रीय संस्थेच्याच हातात राहते. कॉलच्या मुख्य मजकुराला जोडलेली देशवार परिशिष्टे म्हणूनच असतात आणि लोक ती शेवटच्या आठवड्यात उघडतात.

आमचा विषय भूजलातील नायट्रेट आणि त्याचे विघटन करणारे जिवाणू हा होता. पाच देश, सहा गट, ३६ महिने. मी नुकतीच गटप्रमुख झाले होते आणि समन्वयक म्हणून तो माझा पहिलाच प्रस्ताव होता. प्रत्यक्ष विहिरींवरच्या मोजमापांचे सगळे काम एका भागीदाराकडे होते; त्याच्याजवळ जुन्या नोंदींचा असा साठा होता की तो नसता तर प्रस्तावाला अर्थच उरला नसता. त्याच्या देशाच्या दीड पानी परिशिष्टात एक ओळ होती: प्रमुख संशोधकाची नेमणूक प्रकल्पाच्या पूर्ण कालावधीसाठी असली पाहिजे. त्याचा करार प्रकल्पाच्या अखेरीआधी पाच महिने संपत होता. मुदतवाढ मिळणार हे त्याच्या विभागात सगळ्यांना माहीत होते, पण कागदावर काही नव्हते.

आम्ही त्या कार्यालयाला (नाव आणि देश सांगत नाही, तिथे अजून माझे सहकारी अर्ज करतात) विचारले की विभागप्रमुखांनी मुदतवाढीबद्दल दिलेले पत्र या नियमासाठी पुरेसे होईल का. अकरा दिवसांनी उत्तर आले: ‘कृपया परिशिष्ट पाहावे.’ प्रश्न परिशिष्टातल्याच ओळीबद्दल होता. मग आमच्या भागीदाराने फोन केला. पलीकडची व्यक्ती अतिशय सौजन्याने बोलली आणि म्हणाली की अशा बाबतीत सहसा अडचण येत नाही. त्याने मला ते जसेच्या तसे कळवले आणि मी त्या ‘सहसा’चा अर्थ ‘हो’ असा लावला. आमच्या एक्सेलमध्ये प्रत्येक भागीदाराची एक ओळ होती. त्याची ओळ तीन आठवडे पिवळी होती, ती मी त्या संध्याकाळी हिरवी केली. एवढीच माझी चूक आणि ती सर्वस्वी माझी होती.

सहा आठवड्यांनी कॉलच्या सचिवालयाकडून दोन वाक्यांचा ई-मेल आला. एक भागीदार राष्ट्रीय निकषांनुसार अपात्र ठरल्यामुळे संपूर्ण प्रस्ताव पुढे पाठवला जात नाही. उरलेले पाचही गट पात्र होते, त्याने काही फरक पडला नाही. त्या कार्यालयाला पुन्हा विचारले तेव्हा त्यांनी फोनवरच्या बोलण्याबाबत कानावर हात ठेवले. तोंडी माहिती बंधनकारक नसते हेही, मान्य करायला हवे, परिशिष्टातच लिहिलेले होते. सर्वांत जास्त टोचले ते पुढे कळलेले: त्याच विभागात कायम नेमणुकीच्या एक प्राध्यापक होत्या, त्या कामात सहभागी होत्याच, आणि प्रमुख संशोधक म्हणून त्यांचे नाव घालायला दहा मिनिटेही लागली नसती.

म्हणून माझे मत असे की तुम्ही तिसरा सविस्तर ई-मेल लिहू नये. नियमाचा क्रमांक देऊन एकच प्रश्न विचारा, तो असा की उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ इतकेच देता येईल, आणि तो तुम्ही न पाठवता भागीदाराकडून त्याच्या भाषेत पाठवून घ्या. परदेशी समन्वयकाच्या इंग्रजी पत्राला राष्ट्रीय कार्यालये फार मनावर घेत नाहीत असा माझा अनुभव आहे. प्रत कॉलच्या सचिवालयाला द्या. सचिवालय राष्ट्रीय संस्थेचा निर्णय बदलू शकत नाही, परंतु त्या संस्थेत नेमका कोण उत्तर देतो हे त्यांना माहीत असते. ठरवलेल्या तारखेपर्यंत लेखी उत्तर आले नाही, तर ते ‘नाही’ समजून दुसरा प्रमुख संशोधक किंवा दुसरा भागीदार शोधा. हे कठोर वाटेल आणि काहींना पटणार नाही. प्रत्येक कॉलचे नियम वेगळे असतात, मी कायद्याची जाणकार नाही आणि गेली तीन वर्षे समन्वयकही नाही, हे लक्षात ठेवून माझे म्हणणे वाचावे.

पात्रता पार पडली तरी डब्यांचा प्रश्न संपत नाही. तज्ज्ञांनी लावलेल्या क्रमवारीनुसार निधी वाटला जातो, पण वाटेत एखाद्या देशाची तरतूद संपली की त्या देशाचा भागीदार असलेला वरचा प्रस्ताव अडतो आणि खालचा पुढे जातो. त्यामुळे ज्या देशाने दोनच प्रकल्पांना पुरेल इतकी रक्कम जाहीर केली आहे, तिथला भागीदार केवळ नकाशावर एक देश वाढावा म्हणून घेऊ नका. मंजुरीनंतर करारही वेगवेगळे होतात, म्हणजे एका गटाचे काम मार्चमध्ये सुरू होते आणि दुसऱ्याचे सप्टेंबरमध्ये. पहिल्या वर्षाची कामे ठरवताना हे धरूनच चाला.

पुण्यातील प्रयोगशाळेला घेता येईल का, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. होरायझन युरोपमध्ये भारतीय संस्थांना सहभाग घेता येतो, पण त्यांना आपोआप निधी मिळत नाही. संयुक्त कॉलमध्ये भारतातील एखादा विभाग निधीदार म्हणून सामील असेल (न्यू इंडिगो आणि इनो इंडिगो या भारतासाठीच्या एरा-नेटमध्ये तसे होते), तर त्यांचेही परिशिष्ट असते आणि वर सांगितलेले सगळे त्यालाही लागू होते. नसेल, तर बहुतेक कॉलमध्ये स्वखर्चाने येणारा भागीदार हमीपत्रावर घेता येतो, मात्र प्रकल्पाचे मर्म त्याच्यावर टांगू नये. जाता जाता, ब्रुसेल्सची संध्याकाळी ५ ची मुदत पुण्यात उन्हाळ्यात रात्री ८.३० ला आणि हिवाळ्यात ९.३० ला संपते. ऑक्टोबरअखेर घड्याळे बदलतात, त्या आठवड्यात ही गफलत हमखास होते.

एवढी कटकट कशासाठी, असा राग मला अजून येतो. कारण उघड आहे: आपल्या करदात्यांचा पैसा सीमेपलीकडच्या प्रयोगशाळेत जावा, हे कोणत्याच देशाच्या अर्थखात्याला रुचत नाही, आणि व्हर्च्युअल पॉटमुळे तो जातही नाही. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडचा होरायझनशी संबंध तुटला तेव्हा तिथल्या सरकारने आपल्या संशोधकांचा वाटा स्वतः भरला, म्हणून ते प्रकल्पांत टिकू शकले. म्हणजे हीच पद्धत कधी तारूनही नेते. तरीही ज्यांना नुसत्या ओळखी वाढवायच्या आहेत, त्यांनी आधी कॉस्ट या युरोपीय सहकार्य-योजनेच्या कृतिगटांत शिरावे. १९७१ पासून चालत आलेली ती योजना संशोधनाला पैसे देत नाही, केवळ बैठका, प्रशिक्षण आणि अल्पकालीन भेटींचा खर्च देते. माझे पुढचे, मंजूर झालेले कन्सॉर्शियम तशाच एका बैठकीतल्या चहाच्या सुटीत जमले.

तुमच्या पोस्टप्रमाणे पूर्व-प्रस्तावाला अजून पाच आठवडे आहेत. चारही भागीदारांकडून नेमणूकपत्राच्या शेवटच्या पानाची प्रत मागवून घ्या आणि त्यावरची तारीख तुमच्या प्रकल्पाच्या अखेरच्या तारखेशेजारी लिहा. एक्सेलमध्ये रंग भरायचे ते त्यानंतर भरा.