पणजीचं लाल लुगडं

सोन्या,

काल झोपताना तू विचारलंस, "पणजी चर्चला लाल लुगडं नेसून का जायची? ती ख्रिश्चन होती की मराठी?" नीट सांगायचं म्हणून लिहूनच देते.

ती दोन्ही होती, बाळा. वसईच्या आपल्या सामवेदी ख्रिस्ती समाजातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या लाल लुगडं नेसत आल्या. शेतात तेच, बाजारात तेच आणि मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेलाही तेच. मिस्साचं तेवढं पेटीत घडी घालून जपलेलं. पोर्तुगीजांच्या काळात आपले पूर्वज ख्रिस्ती झाले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला, पोर्तुगीज गेले. आपली माणसं मात्र तिथेच राहिली, आपली भातशेती, केळीच्या बागा आणि चर्च सांभाळत.

पणजी नव्वदी ओलांडून गेली. तरुणपणी ती पहाटेच्या गाडीने मोगऱ्याची टोपली घेऊन दादरला विकायला जायची, आणि गाडीतच तिची एक जपमाळ व्हायची. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये असे. तिला सगळी उत्तरं तोंडपाठ, अर्थ मात्र कळत नसे. १९६५ साली दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे रोमला भरलेली कॅथलिक धर्माधिकाऱ्यांची मोठी सभा, संपली आणि पुढे मिस्सा मराठीत होऊ लागली. काही म्हाताऱ्यांना ते रुचलं नाही. पणजीला इतका आनंद झाला की त्या दिवसांबद्दल ती शेवटपर्यंत बोलायची.

संध्याकाळी घरात जपमाळ व्हायचीच. चुलीवर भात रटरटत असायचा. पणजी सारवलेल्या जमिनीवर गुडघे टेकून बसायची, लुगड्याचा पदर डोक्यावर, बोटं मण्यांवर. एरवी घरात आम्ही आपली सामवेदी बोली बोलायचो, पण "नमो मारिये, कृपापूर्णे" मराठीतच. भात उतू जायला लागला की ती डोळे न उघडता कुणाला तरी कोपराने ढोसायची, तोंडातली प्रार्थना न तोडता. शेवटी आजारी शेजाऱ्यांसाठी एकेक "हे आमच्या स्वर्गातील बापा" असायचं. तिथे आपले-परके, ख्रिस्ती-हिंदू असा भेद तिने कधी केला नाही. मग आम्ही पोरं रांगेने मोठ्यांचा आशीर्वाद घ्यायचो. कार्तिकात वसईजवळ निर्मळला हिंदूंची यात्रा भरली की तिथूनही ती आमच्यासाठी काहीबाही घेऊन यायची.

संत गोन्सालो गार्सिया तिचा लाडका. वसईत जन्मलेला हा माणूस १५९७ साली जपानात नागासाकीला क्रुसावर मारला गेला, आणि १८६२ साली पोपनी त्याला संत म्हणून जाहीर केलं. "आपल्या वसईचा पोर" असं ती सांगायची, जणू शेजारच्या वाडीतलाच.

आणखी एक गोष्ट तुला आवडेल. फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूंनी येशूची कथा मराठी ओव्यांत रचली. त्यांचं ख्रिस्तपुराण गोव्यात १६१६ साली छापलं गेलं. म्हणजे मराठीत येशूचं नाव घेणं चारशे वर्षांहून जुनं आहे. कुणी तुला "ख्रिश्चन असून मराठी कशी?" असं विचारलं, तर हे सांगायला लाजू नकोस.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आत्या पणजीच्या कबरीवर फुलं वाहील, मेणबत्त्या लावील. तेव्हा आपण व्हिडिओ कॉल करू. तोवर "नमो मारिये" मराठीत पाठ करायचं असेल तर रविवारपासून रोज थोडं थोडं घेऊ. कुठे अडलं तर आत्याला विचारू, तिचं पाठांतर माझ्यापेक्षा पक्कं आहे.

तुझी,
आई